पीटर गॅब्रिएलचा पहिला एकल अल्बम (१९७७): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी हे सांगा, पीटर गॅब्रिएल कोण?

'जेनेसिस' या इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉक (लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक) बँडचा मूळ गायक. जन्म १९५० चा, सरे परगण्यातला. चार्टरहाउस नावाच्या जुन्या निवासी शाळेत टोनी बँक्स, माइक रदरफर्ड आणि अँथनी फिलिप्स या मित्रांबरोबर १९६७ मध्ये त्याने बँड जमवला. ड्रमवर फिल कॉलिन्स आला १९७० मध्ये, गिटारवर स्टीव्ह हॅकेट त्यानंतर. 'स्लेजहॅमर'च्या व्हिडिओमुळे गॅब्रिएलला ओळखणारे बरेच भेटतात, पण ती १९८६ ची गोष्ट. इथे आपण त्याच्या नऊ वर्षं आधीचं बोलतोय.

या अल्बमचं नाव काय? प्रत्येक ठिकाणी वेगळंच दिसतं.

नाव 'पीटर गॅब्रिएल'. दुसऱ्या अल्बमचं नाव 'पीटर गॅब्रिएल', तिसऱ्याचंही तेच आणि चौथ्याचंही तेच. नियतकालिकाचा दर महिन्याला नवा अंक निघतो, नाव मात्र तेच राहतं, तसं त्याला हवं होतं. दुकानदारांचे किती हाल झाले असतील! शेवटी चाहत्यांनीच मुखपृष्ठं पाहून बारशी उरकली: पहिला 'कार', दुसरा 'स्क्रॅच', तिसरा 'मेल्ट'. चौथ्याला अमेरिकेतल्या कंपनीने परस्पर 'सिक्युरिटी' हे नाव चिकटवलं. तुम्हाला 'कार' असं कुठे दिसलं तर तो हाच अल्बम, २५ फेब्रुवारी १९७७ ला आलेला.

जेनेसिस ऐन बहरात असताना त्याने का सोडला?

एका कारणावर बोट ठेवता येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९७४ मध्ये जेनेसिस 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' हा दुहेरी अल्बम करत होते. कथा आणि गाण्यांचे शब्द मीच लिहिणार, असा गॅब्रिएलचा हट्ट. तोवर सगळं मिळून-वाटून करणाऱ्या बँडला हे पचणं कठीण होतं. त्यातच 'द एक्झॉर्सिस्ट'चा दिग्दर्शक विल्यम फ्रिडकिनचं बोलावणं आलं. जेनेसिसच्या एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला गॅब्रिएलने लिहिलेली एक विक्षिप्त गोष्ट छापली होती. ती वाचून फ्रिडकिनला हा माणूस चित्रपटासाठी हवासा वाटला. गॅब्रिएल काही दिवस बँड सोडून गेलासुद्धा. आपल्यामुळे बँड फुटतोय हे कळल्यावर फ्रिडकिनने पाय मागे घेतला आणि तो प्रकल्प बारगळला.

खरा घाव घरचा होता. जुलै १९७४ मध्ये त्याची पहिली मुलगी जन्मली. बाळंतपण अवघड गेलं आणि बाळ जगतं की नाही अशी अवस्था होती. रेकॉर्डिंग वेल्समध्ये, बाळ लंडनच्या रुग्णालयात, आणि हा दोन्हींच्या मध्ये गाडी हाकतोय. स्टुडिओचं वेळापत्रक बिघडतंय याची बँडमधल्यांना जास्त काळजी होती. आपण तेव्हा समजून घेतलं नाही, असं त्यांनीच पुढे मोकळेपणाने म्हटलं आहे.

नोव्हेंबर १९७४ मध्ये, अमेरिकेतला दौरा नुकताच सुरू झालेला असताना, त्याने क्लीव्हलँडमध्ये बँडला निर्णय सांगितला. तरी मे १९७५ पर्यंत, शंभराच्या आसपास प्रयोग, त्याने इमानाने पूर्ण केले. बातमी फुटल्यावर ऑगस्टमध्ये वृत्तपत्रांसाठी एक पत्र लिहिलं. गाणी रचण्यासाठी आपण मिळून जी यंत्रणा उभी केली तीच आपली मालकीण होऊन बसली, असा त्याचा मथितार्थ.

मधल्या काळात तो काय करत होता?

बाथ शहराजवळ घर होतं, तिथे राहिला. संसार, बागेत भाजीपाला, पियानोचा रियाज. मार्टिन हॉल या कवीबरोबर गाणी लिहिली. चार्ली ड्रेक या ब्रिटिश विनोदी नटाची एक सिंगलही काढली १९७५ मध्ये. जेनेसिस सोडून माणूस हे करतोय म्हटल्यावर चाहत्यांनी कपाळावर हात मारला असणार! ती सिंगल चालली नाही. पण या अल्बममधलं 'एक्सक्यूज मी' हॉलबरोबरचंच आहे आणि त्यातला खट्याळपणा त्याच काळातला.

बॉब एझ्रिनलाच निर्माता का घेतलं?

जेनेसिसच्या सावलीतून बाहेर पडायचं म्हणून. एझ्रिन कॅनडाचा, ॲलिस कूपर, लू रीड आणि किस यांचे अल्बम करून नाव कमावलेला. इंग्लिश प्रोग्रेसिव्ह मंडळींशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. रेकॉर्डिंग टोरांटोच्या साउंडस्टेज स्टुडिओत १९७६ च्या उन्हाळ्यात सुरू झालं आणि पुढे काही काम लंडनला झालं.

एझ्रिनने आपले हुकमी अमेरिकन वादक आणले: गिटारवर स्टीव्ह हंटर आणि डिक वॅग्नर, बेसवर टोनी लेविन, ड्रमवर ॲलन श्वार्ट्सबर्ग, तालवाद्यांवर जिमी मेलन. की-बोर्डवर जोझेफ चिरोव्स्की. गॅब्रिएलच्या बाजूने आले सिंथेसायझरवाला लॅरी फास्ट आणि किंग क्रिमसन या बँडचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप. फ्रिपने १९७४ मध्ये आपला बँड मोडून संगीतातून जवळजवळ अंग काढून घेतलं होतं. इथे त्याने गिटारबरोबर चक्क बँजोही वाजवला.

या दोन गटांचे स्वभाव दोन टोकांचे. सराईत वादक येतात, वाजवतात, चोख काम करून घरी जातात. गॅब्रिएलला एकेका आवाजाशी तासन् तास खेळायचं असतं. अल्बम ऐकताना ही रस्सीखेच कानाला कळते. माझ्या मते याचा गोडवा आणि याचं वैगुण्य, दोन्हींचं मूळ तिथेच आहे.

मग हा प्रोग्रेसिव्ह रॉक आहे की नाही?

बराचसा नाही, आणि नसावा हाच तर हेतू होता. वीस-वीस मिनिटांच्या रचना गेल्या, लांबलचक की-बोर्ड सोलो गेले. नऊ गाणी, जेमतेम ४१ मिनिटं. त्यात रॉक आहे, ब्लूज आहे, बार्बरशॉप चौकडी (चौघांनी वाद्यांविना मिळून गायचा प्रकार) आहे आणि लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राही आहे. जुन्या जेनेसिसची आठवण सर्वांत जास्त येते ती पहिल्याच 'मॉरिबंड द बर्गरमाइस्टर'मध्ये. मध्ययुगात युरोपातल्या गावांमध्ये लोकांना अचानक नाचाचं वेड लागायचं, थांबताच यायचं नाही. वेडाच्या त्या साथीवर हे गाणं आहे, आणि गॅब्रिएल त्यात पात्रांप्रमाणे आवाज बदलतो. सुरुवातीलाच हे गाणं ठेवून त्याने जुन्या चाहत्यांना दारातच चहा पाजला आणि मग घर दाखवायला नेलं ते भलतंच.

यातल्या 'सॉल्सबरी हिल' या गाण्याचं एवढं कौतुक का होतं?

कारण बँड का सोडला याचं उत्तर त्याने मुलाखतींपेक्षा या गाण्यात जास्त चांगलं दिलं आहे. एक माणूस रात्री टेकडीवर चढतो, खाली शहराचे दिवे दिसतात आणि त्याला एक हाक ऐकू येते. चाकोरीतून बाहेर पडावं की नाही, मित्रांना काय सांगावं, गप्प बसावं का, हे सगळं त्यात येतं. कुणावर चिखलफेक नाही की रडगाणं नाही. नोकरी, शहर किंवा नातं मागे टाकून निघालेल्या कुणालाही ते आपलं वाटतं. पुढे कितीतरी चित्रपटांच्या जाहिरातींत ते इतकं वापरलं गेलं की काहींना त्याचा वीट आला, पण तो गाण्याचा दोष नव्हे.

आणि ते सात मात्रांत आहे. पॉपच्या यादीत चढलेलं सात मात्रांचं गाणं तसं विरळाच. गंमत अशी की बहुतेकांना ते कळतच नाही. हंटरचं बोटांनी छेडलेलं अकूस्टिक गिटार गोल गोल फिरत राहतं आणि खाली ड्रमचा ठोका प्रत्येक मात्रेवर सारखा पडतो. पाय सहज ठेका धरतो. मात्रा मोजायला बसलं की मगच लक्षात येतं, आठवी येण्याआधीच आवर्तन पुन्हा सुरू झालंय. एका मात्रेची ही कायमची घाई गाण्याला पुढे रेटत असते. फक्त प्रत्येक ध्रुवपदाच्या शेवटच्या दोन मापांत चाल चार मात्रांवर येते आणि तेवढ्यापुरता श्वास मोकळा होतो. शब्दांत घरी परतण्याचा उल्लेख येतो तोही नेमका याच सुमारास.

म्हणजे हा रूपक ताल झाला का?

मात्रा सात, एवढंच साम्य. रूपक तीन-दोन-दोन असा विभागलेला, आणि पहिल्याच मात्रेवर खाली. 'सॉल्सबरी हिल'मधलं गिटार साधारण चार-तीन असं पडतं, खाली-भरीचा प्रश्नच नाही. तरीही भावगीतं आणि गझला ऐकून वाढलेल्या मराठी कानाला सात मात्रांची धास्ती नसते, त्यामुळे पाश्चात्त्य श्रोत्याला जे चुकल्यासारखं वाटतं ते आपल्याला सहज रुचतं. हातावर टाळी देत एकदा चार-तीन मोजून पाहा. रूपकाचा ठेका त्यावर बसवायला जाल तर गायकाची वाक्यं तुटक वाटू लागतील.

ती टेकडी खरोखर आहे?

आहे. सॉमरसेटमध्ये, बाथच्या पूर्वेला बॅथईस्टन गावाच्या डोक्यावर. उंची १९० मीटरच्या आसपास, माथा सपाट, वर लोहयुगातल्या तटबंदीचे अवशेष. गिर्यारोहणाची हौस असलेल्यांनी फार आशा ठेवू नये. सिंहगड चढणाऱ्या माणसाला ही फेरफटक्याची जागा. १९९४ मध्ये तिच्या पायथ्याजवळून वळणरस्ता नेण्याला मोठा विरोध झाला होता. रस्ता झालाच.

बाकीच्या गाण्यांचं काय?

एकेकाबद्दल थोडक्यात. 'मॉडर्न लव्ह' सरळसोट रॉक. ठणठणीत, पण दुसऱ्या कुणीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. 'एक्सक्यूज मी' बिनसाथीच्या चौकडीने सुरू होतं आणि मग टोनी लेविन ट्यूबा वाजवतो, निखळ गंमत. 'हमड्रम' ऐकायला चुकवू नका. हळू आवाजात कुजबुजल्यासारखं सुरू होतं, मधेच लॅटिन वळण घेतं, आणि शेवटी असं काही उलगडतं की साडेतीन मिनिटांत हे कसं मावलं असा प्रश्न पडावा. पुढच्या गॅब्रिएलची चाहूल मला सर्वांत जास्त तिथे लागते.

रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला गाडी जरा अडते. 'स्लोबर्न' गिटारांनी गच्च भरलेलं. 'वेटिंग फॉर द बिग वन' सात मिनिटांचा ब्लूज. गायकाने नशेत असल्याचा आव छान आणलाय, पण चौथ्या मिनिटाला विनोद संपतो आणि गाणं संपत नाही. 'डाउन द डोल्चे व्हीटा'मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि नाचाचा ठेका एकमेकांच्या अंगावर धावून जातात. एझ्रिनला भव्यदिव्यतेची हौस, तिचा इथे कळस झाला.

'हिअर कम्स द फ्लड'ची इतकी रूपं आहेत, त्यातलं कुठलं ऐकू?

अल्बमवरचं ऐका, पण तिथेच थांबू नका. संध्याकाळ झाली की लघुलहरींवरची दूरची रेडिओ केंद्रं जास्त स्पष्ट लागतात, ही गॅब्रिएलची नेहमीची मौज. तसंच माणसांच्या मनांचंही झालं तर, एकमेकांचे विचार लपवताच आले नाहीत तर? त्या लोंढ्यात मन आधीच उघडं ठेवणारे तेवढे तगतील, अशी ही कल्पना. म्हणजे गाणं मुळात अगदी खाजगी. अल्बमवर मात्र ध्रुवपद आलं की गिटारं आणि ड्रम अशी काही उसळी घेतात की ती खाजगी भीती स्टेडियमची होऊन जाते. काहींना तेच आवडतं. स्वतः गॅब्रिएलला मात्र ते अवजड वाटलं.

फ्रिपच्या 'एक्स्पोजर' (१९७९) या अल्बमसाठी त्याने ते पुन्हा गायलं: पियानो, आवाज आणि मागे फ्रिपचं दोन टेप रेकॉर्डर जोडून केलेलं तरंगतं गिटार. त्याच वर्षी गायिका केट बुशच्या नाताळच्या टीव्ही कार्यक्रमातही तो नुसत्या पियानोवर ते गायला. १९९० च्या 'शेकिंग द ट्री' या निवडक गाण्यांच्या संग्रहासाठी आणखी एकदा, तितक्याच साधेपणाने. माझं मत 'एक्स्पोजर'वरच्या रूपाला. पुरासमोर माणूस एकटा उभा असावा, सोबत अख्खा बँड कशाला?

मुखपृष्ठावर गाडीवर पाऊस पडतोय का?

पाऊस नव्हे, पाणी शिंपडलं होतं. मुखपृष्ठ हिप्नोसिस या कंपनीचं, पिंक फ्लॉइडची मुखपृष्ठं करणारी तीच. गाडी लॅन्सिया फ्लाविया, हिप्नोसिसच्या स्टॉर्म थॉर्गर्सनची स्वतःची. गॅब्रिएल पुढच्या सीटवर, काचेआड, चेहरा अर्धवट दिसतोय. फोटो मूळचा कृष्णधवल, त्यावर हाताने निळसर रंग चढवला. आणि थेंबांवरची चकाकी? ती शस्त्रक्रियेच्या सुरीने प्रिंटवर एकेक ठिकाणी खरवडून काढलेली. संगणकाच्या आधीच्या काळातलं हे काम. मोठ्या आकाराच्या रेकॉर्डवर पाहायला मिळालं तर जवळून निरखा.

खपला का?

बऱ्यापैकी. ब्रिटनमध्ये ७ व्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत ३८ व्या. 'सॉल्सबरी हिल' ब्रिटनमध्ये १३ व्या क्रमांकावर पोचलं, अमेरिकेत ६८ व्या. लक्षात घ्या, हा पंकचा, म्हणजे छोट्या, रांगड्या रॉक गाण्यांचा काळ. प्रोग्रेसिव्ह रॉकवाल्यांना डायनोसॉर म्हणून हिणवण्याची फॅशन आली होती. आधीच बाहेर पडलेला गॅब्रिएल त्यातून बराचसा सुटला.

मंचावरचे ते मुखवटे कुठे गेले?

पेटीत. १९७२ मध्ये डब्लिनच्या प्रयोगात तो बायकोचा लाल झगा आणि कोल्ह्याचं डोकं घालून आला होता, बँडमधल्यांना पूर्वकल्पना न देता. पुढे फूल झालं, म्हातारा झाला, आणि 'लॅम्ब'च्या दौऱ्यात अंगभर फुगे-गाठी असलेला स्लिपरमन. तो पोशाख इतका अवाढव्य की माइक तोंडाजवळ नेता येईना आणि शब्द धड ऐकू येईनात. बाकीचे वैतागायचे ते उगाच नाही.

मार्च १९७७ मध्ये अमेरिकेत एकल दौरा सुरू झाला तेव्हा तो साध्या कपड्यांत आला. या वेळी लपाछपी दुसऱ्याच कुणीतरी केली. फ्रिप बँडमध्ये होता, पण मंचाच्या कडेला, लोकांच्या नजरेआड बसून वाजवायचा आणि त्याची ओळख 'डस्टी रोड्स' या टोपणनावाने करून दिली जायची. नऊ गाण्यांवर पूर्ण कार्यक्रम कसा होणार? म्हणून किंक्स या बँडचं एक गाणं, 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन' आणि शेवटी 'लॅम्ब'मधलं एखादं.

तो गेल्यावर जेनेसिसशी भांडण झालं का?

झालं असतं तर चाहत्यांना चघळायला मिळालं असतं. बरेच गायक तपासून झाल्यावर शेवटी ड्रमवरचा फिल कॉलिन्सच गाऊ लागला, आणि फेब्रुवारी १९७६ चा 'अ ट्रिक ऑफ द टेल' हा जेनेसिसचा अल्बम ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेला. म्हणजे गॅब्रिएलचा अल्बम यायच्या वर्षभर आधीच त्याच्यावाचून अडत नाही हे सिद्ध झालं होतं. कॉलिन्स पुढे गॅब्रिएलच्या तिसऱ्या अल्बमवर ड्रम वाजवायला आला. आणि १९८२ मध्ये गॅब्रिएलने सुरू केलेला वोमॅड हा जगभरच्या संगीताचा महोत्सव पहिल्याच वर्षी कर्जात बुडाला, तेव्हा त्याच ऑक्टोबरमध्ये मिल्टन कीन्सला एका संध्याकाळपुरते सगळे एकत्र येऊन वाजले, ते त्याला कर्जातून वर काढण्यासाठीच.

टोनी लेविनचं नाव सगळे का घेतात?

एझ्रिनने भाड्याने आणलेला हा बेसवादक गॅब्रिएलला इतका मानवला की पुढची कित्येक दशकं दोघे बरोबर राहिले. शिवाय फ्रिप आणि लेविनची गाठ या रेकॉर्डिंगमध्येच पडली. फ्रिपने १९८१ मध्ये किंग क्रिमसन पुन्हा उभा केला, त्यात बेसवर लेविन होता. किंग क्रिमसनच्या ऐंशीच्या दशकातल्या आवाजाची एक मुळी टोरांटोच्या त्या स्टुडिओत आहे.

भारताशी काही संबंध?

या अल्बमचा नाही. गॅब्रिएलचा आहे. ॲम्नेस्टी या संघटनेच्या मानवी हक्क दौऱ्यात तो स्प्रिंगस्टीन, स्टिंग, ट्रेसी चॅपमन आणि युसू न्दूर यांच्याबरोबर सप्टेंबर १९८८ मध्ये दिल्लीत गायला. १९८९ च्या 'पॅशन' या त्याच्या अल्बममध्ये एल. शंकरचं दुहेरी व्हायोलिन आणि नुसरत फतेह अली खानांचा आवाज आहे. कव्वालीच्या वाटेने गॅब्रिएलपर्यंत पोचलेले श्रोते आपल्याकडेही आहेत. त्यांनी थेट १९७७ कडे उडी मारली तर हा तोच माणूस का, असं वाटेल.

दुसऱ्या प्रोग्रेसिव्ह गायकांचे पहिले अल्बम याच्यासमोर कसे?

येस या बँडच्या जॉन अँडरसनचा 'ओलियास ऑफ सनहिलो' (१९७६) याच्या अगदी उलट: सगळी वाद्यं स्वतः वाजवून त्याने बँडपेक्षाही जास्त प्रोग्रेसिव्ह अल्बम केला. व्हॅन डर ग्राफ जनरेटरच्या पीटर हॅमिलने 'फूल्स मेट' (१९७१) मध्ये बँडमध्ये न बसणारी छोटी गाणी आणली, आणि बँडही चालू ठेवला. मॅरिलियनच्या फिशचा 'व्हिजिल' (१९९०) बँडच्या पुढचाच अंक वाटतो. गॅब्रिएलने मागची वही मिटली, पण नवी कुठली उघडायची हे तेव्हा ठरलेलं नव्हतं. नऊ गाण्यांत नऊ कपडे घालून पाहिले, त्यातले दोन-तीन अंगाला बसले.

हा आवडला तर पुढे काय ऐकू?

क्रमाने जायचं तर १९७८ चा दुसरा. निर्माता फ्रिप, आवाज कोरडा, गाणी चटकन पकड घेत नाहीत. घाई असेल तर थेट तिसरा, १९८० चा. त्यात गॅब्रिएलने ड्रमवाल्यांना झांजा वाजवायला बंदी केली. पहिलंच गाणं 'इन्ट्रूडर' लावा आणि कॉलिन्सचा ड्रम ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोन घ्या.